बंडकऱ्याच्या गळ्यातला हार

मी बी.ए. आहे, इतिहास घेऊन. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी ते सगळ्यांनाच सांगतो. बँकेतल्या मुलीला सांगतो, टॅक्सीवाल्याला सांगतो, एकदा दाताच्या डॉक्टरला तोंडात कापूस असताना सांगितलं. आमच्या अख्ख्या वाडीतला पहिला ग्रॅज्युएट. निकाल लागला तेव्हा आईने घरोघर गूळ वाटला आणि संध्याकाळी विचारलं, "मंग, आता सायेब कवा होनार?" त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून देतोय.

सध्या दुबईत, अल क्वोजच्या एका शेडमध्ये बसतो. आमची कंपनी प्रदर्शनांच्या भिंती बनवते. कुणाला गाड्यांच्या शोसाठी स्टॉल हवा असतो, कुणाला गॅलरीत फोटो लावायला पॅनेल हवी असतात. मी प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर, म्हणजे प्लायवूड वेळेवर आलं का, प्रिंट सरळ चिकटली का आणि मिस्त्री जेवून परत आला का, हे बघणारा माणूस. शेठ सांगलीकडचे. ते मला प्रोफेसर म्हणतात, आणि त्यात कौतुक नसतं हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

गेल्या नोव्हेंबरात शेठनी एक फाईल माझ्या टेबलावर आपटली.

"प्रोफेसर, घे. तुझ्या लायकीचं काम आलंय. ऑस्ट्रेलियाचे आदिवासी. गोऱ्यांशी भांडले वगैरे."

"वगैरे म्हणजे?"

"म्हणजे ते तूच वाच ना. बी.ए. कशाला झालास?"

प्रदर्शन आमच्या शेडपासून दोन गल्ल्या सोडून असलेल्या गॅलरीत भरणार होतं. मजकूर तिकडूनच आला होता, आम्ही फक्त छापायचा आणि लावायचा. मी तो चार वेळा वाचला. प्रूफ तपासायला दोनदा वाचावं लागतं. उरलेले दोनदा मी माझ्यासाठी वाचला.

गोरे गुरं घेऊन आले, पाणवठ्यांवर बसले आणि म्हणाले, ही जमीन रिकामी होती. रिकामी जमीन झाडामागून भाले मारायला लागली. त्या लोकांनी गुरं पळवली, तारा तोडल्या, पावसात बंदुकीची दारू भिजलेली असताना हल्ले केले. पाठलाग झाला की कातळाच्या डोंगरात घुसायचे, जिथे घोड्याचा पाय टिकत नाही. मग पोलीस यायचे. कागदावर लिहायचे, "जमाव पांगवला." पांगवला म्हणजे गोळ्या घालून मारला. बायका, पोरं, सगळी. एवढं लिहायला त्यांना एक क्रियापद पुरलं.

हे वाचताना मला हसू आलं, आणि हसू येण्यासारखं त्यात काहीही नव्हतं. आम्ही महादेव कोळी. घाटमाथ्यावरचे. आमच्या लोकांकडे गडांची राखण होती. इंग्रज आला, गड काढून घेतले, राखण काढून घेतली, वर म्हणाला की आता नीट वागा. आमचे लोक नीट वागले नाहीत. माझा खापरपणजोबा बंडात गेला. आमच्या घरात त्याची एक म्हण आहे, "घोडं जिथं थांबतं, तिथनं आपलं गाव सुरू." कॉलेजात या सगळ्या प्रकरणावर टीप लिहा म्हणून दोन मार्कांचा प्रश्न यायचा. मी लिहिली. एक मार्क मिळाला.

खरं सांगायचं तर खापरपणजोबाबद्दल घरातही एकमत नाही. आजा म्हणायचा, तो वाघ होता. आजी म्हणायची, वाघ कसला, शेजारच्या गावातले बैलसुद्धा त्यानेच नेले, आणि ते काही इंग्रजांचे नव्हते. त्याचा फोटो नाही. सरकारने त्याचं वर्णन मात्र लिहून ठेवलं होतं म्हणे: उंची मध्यम, डाव्या गालावर तीळ, दिसल्यास पकडावा. आमच्या खानदानात कुणाबद्दल सरकारने एवढं लक्षपूर्वक लिहिलेलं दुसरं काही नाही.

प्रदर्शनाच्या मधल्या भिंतीवर एकच मोठा फोटो जायचा होता. तोही असाच एक बंडकरी. पकडल्यावर पोलिसांनी काढलेला फोटो. उभा माणूस, उघडी छाती, आणि गळ्यात जाड लोखंडी साखळी. गुरांच्याही गळ्यात आम्ही एवढी जाड बांधत नाही. नजर थेट कॅमेऱ्यात. फोटोचं लाकडी क्रेट उघडलं आणि मी दोन पावलं मागे झालो.

क्रेटबरोबर बारा पानांच्या सूचना होत्या. मी पहिलं पान वाचलं: हातमोजे घाला, आर्द्रता सांभाळा. पुढची अकरा पानं वाचली नाहीत. इतिहासाच्या पदवीधराला फोटो कसा लावायचा हे कुणी शिकवायचं?

शुक्रवारी दुपारी आम्ही तो गॅलरीत टांगला. आमचा मिस्त्री मालवणकडचा. त्याने लेव्हल लावून बघितली, खाली उतरला आणि फोटोसमोर कंबरेवर हात ठेवून उभा राहिला.

"काय ओ साहेब, एवढो मोठो माणूस नि गळ्यात हार नाय? बरां दिसता काय?"

मला ते मनापासून पटलं. आपल्याकडे गेलेल्या माणसाचा फोटो लावला आणि हार घातला नाही, तर तो फोटो टांगलेला नसतो, नुसता अडकवलेला असतो. बर दुबईच्या फुलवाल्याकडे गाडी पाठवली. पंधरा दिरहमचा झेंडूचा हार आला. साडेतीनशे रुपये! आमच्या तालुक्याला तेवढ्यात अख्खं लग्न सजतं. मिस्त्रीने शिडीवर चढून हार घातला, उदबत्ती लावली, आणि तो हार असा काही बसला की साखळी पूर्ण झाकली गेली.

"साखळी झाकली. बरां झालां," मिस्त्री म्हणाला.

मीही म्हणालो, बरं झालं. नुसतं म्हणालो नाही, फोटो काढून घरी पाठवला. मुलीचं उत्तर आलं: "बाबा, आर यू शुअर यू आर अलाउड टू डू दॅट?" ती अकरावीत आहे, इथेच जन्मली, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीतच देते. मी लिहिलं, मी बी.ए. आहे.

अर्ध्या तासाने गॅलरीची बाई आली. तिच्याबरोबर एक म्हातारे गृहस्थ. काळे, उंच, पांढरी दाढी, डोक्यावर हॅट, पायात चप्पल. ते त्या फोटोतल्या माणसाचे पणतू होते. बाई मला हळूच म्हणाली, त्यांना 'अंकल' म्हणा, त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांना मानाने तसंच म्हणतात. मी म्हटलं, मॅडम, आम्ही तर वॉचमनलाही तेच म्हणतो.

मग तिने भिंतीकडे बघितलं आणि तिचा चेहरा प्लायवूडसारखा झाला.

ती मला बाजूला घेऊन गेली आणि सूचनांची बारा पानं आठवतात का म्हणून विचारलं. सातव्या पानावर सगळं होतं. त्यांच्यात गेलेल्या माणसाचा चेहरा असा सहज दाखवत नाहीत. नाव घेत नाहीत. घरच्यांनी खूप विचार करून हा फोटो पाठवला होता, पण एका अटीवर: घरचा माणूस आल्याशिवाय तो उघडायचा नाही. आधी घरच्याने बघायचा, मग इतरांनी. आणि मी तो उघडून, टांगून, हार घालून, उदबत्ती लावून वर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता.

अंकल फोटोच्या अगदी जवळ गेले. मग एवढंच म्हणाले, "तुम्ही साखळीवर फुलं घातलीत."

शिवी दिली असती तर मी ऐकून घेतली असती. हे ऐकवेना.

बाईने सांगितलं, उद्घाटन रविवारी संध्याकाळी. फोटो राहणार की परत क्रेटमध्ये जाणार, हे अंकल ठरवतील. तोवर कपडा टाका. शेठना कळलं तेव्हा ते फोनवर जे बोलले त्यातलं छापण्यासारखं एवढंच: "मधली भिंत रिकामी राहिली ना, तर तूही खलास. तुझ्या बी.ए.चा हार घालून तुला घरी पाठवतो."

नोकरीची भीती होती, नाही कशाला म्हणू. पण रात्रभर डोक्यात फिरत राहिलं ते वेगळंच. त्या माणसाला पोलिसांनी पकडून साखळी घातली, फोटो काढला, कुठल्या तरी कपाटात डांबला. इतक्या वर्षांनी तो भिंतीवर आला. आणि आता परत पेटीत जाणार, तर कुणामुळे? गोऱ्यामुळे नाही. माझ्यामुळे. डोंगरातल्याच माणसामुळे.

शनिवारी सकाळी अंकल उतरले होते त्या हॉटेलात मी गेलो. मुलीला बरोबर घेतलं, कारण अंकलचं इंग्रजी मला निम्मंच कळत होतं आणि माझं त्यांना तेवढंही नाही. मी सरळ सांगितलं, "अंकल, चूक माझी. मिस्त्रीची नाही. मी वाचलं नाही. आमच्याकडे मेलेल्याला हार घालतात, तो मान असतो. मला वाटलं सगळीकडे तसंच."

त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "तो माझ्याआधी परक्यांच्या नजरेत आलाय. धूर द्यावा लागेल. धुरानंतर मी त्याला विचारीन."

"कसला धूर?"

"घरी आम्ही एक झुडूप वापरतो. ते इथे मिळणार नाही." जरा थांबून म्हणाले, "गम ट्री चालेल."

मुलीने फोनवर त्याचा फोटो शोधून दाखवला आणि मी मोठ्याने म्हणालो, "अरे, ही तर निलगिरी!"

दुबईत रस्त्याकडेचं झाड तोडलं तर दंड भरता भरता पुढचा जन्म उजाडेल. पण तासाभरावरच्या रास अल खैमाला, डोंगराच्या पायथ्याशी, आमच्या जुन्नरकडच्या एका कुटुंबाची नर्सरी आहे. नर्सरीवाल्या काकांना फोन केला. काका म्हणाले, "दोन झाडं आहेत कुंपणाला. ये आणि हवी तेवढी ने. पण काय रे, सर्दी झालीय का कुणाला?"

गाडीत अंकल पुढे, मुलगी मागे. हार डॅशबोर्डवर, कारण मिस्त्रीने बजावलं होतं की निर्माल्य कचऱ्यात टाकूचा नाय, वाहत्या पाण्यात सोडूचा. दुबईत वाहतं पाणी म्हणजे मरीनाचा कालवा, आणि तिथे झेंडू सोडणारा माणूस कॅमेऱ्यात कसा दिसेल याची कल्पना होती.

वाटेत अंकलनी विचारलं, "तुझा देश कुठला?"

"इंडिया."

"ते पासपोर्टवर असतं. तुझा देश कुठला?"

मी सवयीने म्हणालो, "पुणे साइड." गेली अठरा वर्षं मी हेच सांगतो. पुण्यापासून चार तास आणि दोन घाट लांब असलेल्या वाडीला मी पुणे साइड म्हणतो. मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी खोदून विचारलं की विषय आरतीकडे नेतो. बी.ए. सगळ्यांना सांगतो, बाकीचं कुणाला सांगत नाही.

अंकल गप्प राहिले. गप्प राहायची त्यांची पद्धत मोठी वाईट होती, माणूस आपोआप बोलायला लागायचा. मी सांगितलं. डोंगर सांगितला, गड सांगितले, बंड, खापरपणजोबा, गालावरचा तीळ, शेजारच्या गावातले बैल. मागे मुलीने कानातले इयरफोन काढले.

"वेट. वी आर ट्रायबल?"

"हो."

"अँड यू नेव्हर टोल्ड मी?"

"तू कधी विचारलंस?"

"बाबा! हू आस्क्स दॅट?"

अंकल एवढे हसले की सीट हलली. मग म्हणाले, "बैल चोरले ते बरं केलं. माझ्या पणजोबाने शेकडो गुरं पळवली. आणि स्वतःच्या मेव्हण्याचा कुत्रा. घरात अजून गुरांचं कौतुक नाही, त्या कुत्र्याची चर्चा असते."

रास अल खैमाचे डोंगर समोर आले. उघडे, तपकिरी, गवताची काडी नाही. अंकलनी काच खाली केली, बघत राहिले.

"इथे घोडा चढणार नाही," ते म्हणाले.

मी गाडी कडेला घेतली. मला ती म्हण सांगायची होती आणि गाडी चालवता चालवता सांगता आली नसती. मुलीने इंग्रजीत करून सांगितली. त्यांनी ती दोनदा म्हणवून घेतली.

नर्सरीत काकांनी कुंपणाची निलगिरी दाखवली. पानं चुरगळली आणि वास आला, आणि मला एकदम राग आला. लहानपणी वनखात्याने आमच्या डोंगरावर हीच झाडं लावली होती. जंगल आमचं, आम्ही काटकी तोडली तर चोर, आणि त्यांनी ही रांगेत लावलेली उपरी झाडं. तीन वर्षांत वाडीचा झरा आटला. आई अजून त्या झाडांना शिव्या देते.

"अंकल, ही तुमच्याकडची झाडं आमचं पाणी पिऊन गेली."

त्यांनी फांदी हातात धरून नीट बघितली. "सॉरी," ते म्हणाले. मग जरा विचार करून, "पण या झाडालाही कुणी विचारलं नव्हतं."

काका मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "कोण आहेत रे हे? मला तर आपल्याकडचेच वाटतात." मी म्हटलं, आहेतच.

रविवारी सकाळी गॅलरीच्या मागच्या अंगणात, जिथे ट्रकमधून माल उतरवतात, तिथे मिस्त्रीने घमेलं ठेवलं. अंकलनी आधी काटक्या पेटवल्या, वर ओली पानं टाकली. धूर असा उठला की समोरच्या टायरवाल्याचा माणूस अग्निशामक सिलिंडर घेऊन धावत आला. "यल्ला, हटो, हटो!" शेठ त्याला आडवे गेले, "हबीबी, पूजा है, पूजा!" आणि मला दात ओठ खाऊन म्हणाले, "सिव्हिल डिफेन्सचा बंब आला ना, तर तुलाच त्या घमेल्यात घालीन."

कपड्यात गुंडाळलेला फोटो मी आणि मिस्त्रीने धुरातून नेला. मग अंकलनी आम्हालाही त्यातून चालायला लावलं. मला, मिस्त्रीला, मुलीला, गॅलरीच्या बाईला, टायरवाल्याच्या माणसालाही. शेठ म्हणाले, माझा इस्त्रीचा शर्ट आहे. अंकलनी त्यांच्याकडे फक्त बघितलं. शेठ धुरातून चालले आणि खोकत बाहेर पडले. मिस्त्री मला हळूच म्हणाला, "आमच्याकडे ह्येका दृष्ट काढणां म्हणतत. त्येंका गरज होतीच."

मग अंकल फोटो घेऊन एकटे आत गेले आणि दार लावून घेतलं.

एक तास गेला. शेठ घड्याळ बघत होते. गॅलरीची बाई मजकूर बदलायचा झाला तर काय लिहायचं ते फोनवर टाइप करत होती. माझी मुलगी फोन खिशात ठेवून माझ्याजवळ येऊन बसली, आणि सोळाव्या वर्षी हे मुद्दाम करावं लागतं. आत काय चाललं होतं ते मला माहीत नाही. एकदा गाण्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मी दाराला कान लावला नाही, एवढं शहाणपण सातव्या पानाने शिकवलं होतं.

दार उघडलं. अंकल म्हणाले, "मिस्त्री कुठे आहे?"

मिस्त्री उभा राहिला. त्याला वाटलं, आता हाराचा हिशोब.

"लाकडाची एक फळी हवी. एवढी." त्यांनी दोन्ही हातांनी माप दाखवलं. "चेहरा झाकायचा. फक्त चेहरा."

"आणि खालचा भाग?" बाईने विचारलं.

"चेहरा आमचा आहे. साखळी त्यांची आहे. साखळी बघू द्या लोकांना."

मिस्त्रीला भाषांतर करून सांगावं लागलं. तो टेप काढून कामाला लागला. सागाचा तुकडा त्याने स्वतःच्या कपाटासाठी ठेवला होता, तो काढला. कडा घासून घासून अशा गुळगुळीत केल्या की बोटाला कळू नयेत. कुठलाही क्लायंट त्याच्याकडून असं काम कधी काढून घेऊ शकलेला नाही. फळी बसवताना त्याने डोळे मिटले होते, आणि डोळे मिटून फळी सरळ बसली.

संध्याकाळी लोक आले. गॅलरीला येतात ते लोक: तागाचे शर्ट, हातात ग्लास. मधल्या भिंतीसमोर आले की त्यांचं बोलणं थांबायचं. चेहरा दिसला असता तर ते चेहऱ्याकडे बघून हळहळले असते आणि पुढे गेले असते. आता बघायला एकच गोष्ट होती. एकेक कडी मोजता येत होती.

शेठ नव्या शर्टात आले. बराच वेळ फळीकडे बघत राहिले.

"प्रोफेसर, चेहरा झाकला, मग बघायचं काय?"

"साखळी बघा, शेठ."

त्यांनी बघितली. टोमणा सुचला असणार, पण मारला नाही. आमच्या शेठच्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे.

निघताना अंकलनी मला विचारलं, त्या फुलांचं काय केलंस? मी म्हटलं, गाडीत आहेत, वाहतं पाणी सापडत नाही. ते म्हणाले, ज्याचा फोटो नाही त्याला दे की.

फोटो नाही तर हार घालणार कशाला, हा प्रश्न मला गाडीत बसल्यावर पडला. तोवर मुलीने तो उचलून आरशाला अडकवला होता. घरी जाताना ती म्हणाली, "टेल मी अगेन. द बुल्स पार्ट."

मी सांगितलं. या वेळी मराठीत विचार म्हटलं, तर तिने विचारलं, "किती बैल?" आजी म्हणायची तीन, आजा म्हणायचा एकही नाही. मी पाच सांगितले.

हार आठवड्याभरात दुबईच्या उन्हाने वाळून चुरा झाला. पाकळ्या अजून सीटखाली सापडतात. परवा मंडळात एकाने विचारलं, तुम्ही पुण्यात नेमके कुठले? मी म्हटलं, पुण्यातले नाही, घाटमाथ्यावरचे, महादेव कोळी. आणि मी बी.ए. आहे.